डीपॉल, शिकागो: आजींचा प्रश्न, काकांचा प्रश्न आणि बाबांचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका गृहस्थांच्या मुलीला बारावीनंतर शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात अ‍ॅनिमेशनच्या चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळालाय आणि घरात तीन तट पडलेत. आजी म्हणतात, "कॅथलिक विद्यापीठ म्हणजे पोरीला बाटवणार तर नाहीत ना?" काका म्हणतात, "पहिल्या शंभरात नाव नाही, मग एवढे पैसे कशाला ओतायचे?" आणि वडिलांना फीचा आकडा बघून झोप लागत नाही. त्यांनी लिहिलंय, "मॅडम, तुम्ही ते विद्यापीठ बघितलंय. नीट समजावून सांगा."

सांगते. गेली वीस वर्षं मी पुण्यात परदेशी शिक्षणाचा सल्ला देते. डीपॉलमध्ये तीनदा जाऊन आले आहे, तिथे शिकलेली बरीच मुलं माझ्याकडून गेलेली आहेत. तिथून मला कमिशन मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि नेमका तोच आधी विचारायला हवा.

आजींचा आणि काकांचा प्रश्न तुम्हाला वेगवेगळा वाटतोय. माझ्या मते तो एकच आहे. कसा, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

कॅथलिक चर्च एकच असलं तरी त्यात संन्यासी मंडळींचे अनेक संघ आहेत. वारीत जसे फड असतात तसं समजा: पंढरी एकच, पण प्रत्येक फडाची परंपरा निराळी, शिस्त निराळी, अभंगांचा क्रमही आपापला. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज चालवणारे जेझुइट हा त्यातला एक फड. शिक्षण हे त्यांचं मुख्य काम, आणि बौद्धिक वादविवाद त्यांना प्रिय. डीपॉल चालवणारे व्हिन्सेंशियन हा दुसरा. सतराव्या शतकातल्या फ्रान्समधला व्हिन्सेंट डी पॉल नावाचा पाद्री त्यांचा मूळपुरुष. शेतकऱ्याच्या घरात १५८१ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसच्या श्रीमंतांमध्ये वावरला आणि त्यांच्याकडून पैसा काढून तो गरिबांकडे, आजाऱ्यांकडे, जहाजांवर वल्ही मारणाऱ्या कैद्यांकडे वळवत राहिला. त्याने १६२५ साली आपला संघ काढला. विद्वत्ता हे त्या संघाचं पहिलं काम नव्हतं. खेडोपाडी जाऊन गरिबांमध्ये राबणं हे होतं. वसईकडच्या चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते, घरोघरी जाऊन अडलेल्यांना मदत करणारी. ती याच संताच्या नावाची, पण वेगळी. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेली.

या व्हिन्सेंशियनांनी १८९८ साली शिकागोच्या उत्तर भागात सेंट व्हिन्सेंट्स कॉलेज काढलं. पुढे १९०७ मध्ये त्याला विद्यापीठाची सनद मिळाली आणि नाव डीपॉल झालं. तेव्हाचं शिकागो म्हणजे कारखाने, कत्तलखाने आणि बोटीतून उतरलेल्या आयरिश, जर्मन, पोलिश कुटुंबांची भरती. या लोकांची मुलं बड्या विद्यापीठांच्या दारात उभी राहू शकत नव्हती. त्यांच्यासाठी हे दार होतं. सनदेतच लिहून ठेवलं की विद्यार्थी किंवा शिक्षक घेताना धर्माची कसोटी लावायची नाही. मुलींना प्रवेश १९११ पासून, आणि त्या काळच्या कॅथलिक संस्थांमध्ये ही लवकरची गोष्ट होती.

तर आजी, तुमच्यासाठी उत्तर हे. (त्यांना हे वाचून दाखवा.) पोरीला प्रार्थनेला जावं लागत नाही. वर्गात क्रॉस दिसेल, आवारात सेंट व्हिन्सेंटचं मोठं चर्च दिसेल, अधूनमधून पांढऱ्या पट्टीची कॉलर घातलेले फादर कॅन्टीनमध्ये सूप पिताना दिसतील. बस. विद्यापीठाचा अध्यक्षही आता पाद्री नसतो. २०१७ मध्ये पहिल्यांदा तिथे पाद्री नसलेला माणूस बसला. मुस्लिम मुलांना नमाजाची जागा आहे, ज्यू मुलांची संघटना आहे. सगळ्याच मुलांना पदवीच्या वाटेवर तत्त्वज्ञान आणि धर्मविचार या भागातले काही विषय घ्यावे लागतात, पण त्यात हिंदू आणि बौद्ध परंपरांवरचे अभ्यासक्रमही असतात. माझ्या एका विद्यार्थिनीने अमेरिकेत जाऊन तिथे पहिल्यांदा उपनिषदांचा उतारा वाचला आणि आईला फोन करून विचारलं, "हे आपल्याकडे कुणी का शिकवलं नाही?" आईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

आजी सांगलीच्या आहेत, म्हणून आणखी एक आठवण करून देते. मिरजेचं मिशन हॉस्पिटल. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभं केलेलं. तेही परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांचं, फक्त प्रॉटेस्टंटांतल्या प्रेस्बिटेरियन पंथाचं. तुमच्या पिढीतल्या किती घरांतली बाळंतपणं आणि ऑपरेशनं तिथे झाली! आता गंमत बघा. डीपॉलच्या लिंकन पार्कच्या आवारातल्या काही जुन्या देखण्या इमारती मुळात कॅथलिकांच्या नव्हेतच. तिथे प्रेस्बिटेरियनांची मॅककॉर्मिक सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, होती; १९७० च्या दशकात ती दुसरीकडे हलली आणि जागा डीपॉलकडे आली. एका पंथाच्या धर्मशाळेत दुसऱ्या पंथाचं बिऱ्हाड.

पण 'काहीच फरक पडत नाही' असं म्हटलं तर ते खोटं होईल. कॅथलिकपण जिथे जाणवतं ती जागा म्हणजे आरोग्य आणि लैंगिकता. गर्भनिरोधक साधनं आवारात वाटायला विद्यापीठाची परवानगी नाही, आणि त्यावरून विद्यार्थ्यांचे खटके उडतात. शहरात कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ती मिळतातच, त्यामुळे व्यवहारात अडत नाही. पण मुलगी अठरा वर्षांची आहे, तिला हे आधी माहीत असावं. हे तिच्याशी आईने बोलावं, आणि बोलताना आजींना चहा करायला आत पाठवू नये. आजींनाही बरंच माहीत असतं.

आता काका. तुमचं म्हणणं बरोबर आहे, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय यादीत डीपॉल शंभराच्या बरंच खाली असतं. त्यात भर म्हणून मीच सांगते: अर्ज करणाऱ्या दहांपैकी सातांना तिथे प्रवेश मिळतो. आपल्याकडे हे ऐकलं की तोंड वाकडं होतं. ज्या संस्थेत सहज प्रवेश मिळतो ती वाईट, हे आपण जेईई आणि नीटच्या रांगेत उभं राहून शिकलो आहोत. पण डीपॉलने दार मुद्दाम मोकळं ठेवलंय. तिथल्या नव्या विद्यार्थ्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं अशी असतात, ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. प्रवेशपरीक्षेचे गुण द्यायलाच हवेत ही अट त्यांनी २०१२ पासून काढून टाकली, पुष्कळ विद्यापीठांनी साथीच्या काळात नाइलाजाने काढली त्याच्या कितीतरी आधी. किती जणांना नाकारलं यावर मान मोजणाऱ्यांच्या नजरेत अशी संस्था वर येणं अवघडच.

म्हणून म्हटलं की आजींचा आणि काकांचा प्रश्न एकच. आजींना ज्या कॅथलिकपणाची भीती वाटते, त्याच कॅथलिकपणामुळे काकांना खटकणारा सोपा प्रवेश आहे. धर्म तिथे चर्चपेक्षा प्रवेशाच्या दारात जास्त दिसतो. विद्यार्थी केंद्राबाहेर मॉन्सिन्योर जॉन ईगन या शिकागोच्या पाद्र्याचा पुतळा आहे. नागरी हक्कांच्या चळवळीत उतरलेला माणूस. पुतळ्याखाली कोरलंय: 'न्यायासाठी तुम्ही काय करताय?' मुलं त्याच्याजवळ उभी राहून कॉफी पितात, फोन बघतात. रोज दिसणारा प्रश्न कुणी रोज वाचत नाही, हे खरं. पण पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमापासून वस्त्यांमध्ये, शाळांमध्ये, संस्थांमध्ये जाऊन काम करायच्या इतक्या संधी समोर येतात की तो प्रश्न पुतळ्यावरच राहत नाही.

मात्र मोकळ्या दाराची दुसरी बाजूही काकांनी ऐकावी. आत येणं सोपं, म्हणून आतलं सगळं सोपं असं नाही. आणि संशोधनाची मोठी प्रयोगशाळा, नोबेलवाले प्राध्यापक वगैरे हवं असेल तर त्याच शहरात शिकागो विद्यापीठ आहे, थोडं वर नॉर्थवेस्टर्न आहे. डीपॉल त्या जातकुळीतलं नाही. ते शिकवणारं विद्यापीठ आहे. तिथले बरेच शिक्षक दिवसा स्वतः नोकरी किंवा धंदा करतात आणि संध्याकाळी शिकवायला येतात. पदव्युत्तर वर्ग तर पावणेसहा ते नऊ असेच भरतात. जाहिरात कंपनीत दिवसभर राबून आलेला माणूस शिकवतो तेव्हा तो कालचा अनुभव आज सांगतो, हा फायदा. नऊ वाजले की तो गाडी पकडून घरी जातो, उरलेली शंका ईमेलवर, हा तोटा. अ‍ॅनिमेशनसारख्या विषयात मला फायद्याचं पारडं जड वाटतं. शुद्ध भौतिकशास्त्र शिकायला कुणी चाललं असतं तर मी दुसरं सांगितलं असतं.

मुलीचा विषय संगणन आणि डिजिटल माध्यमांच्या कॉलेजात येतो. अ‍ॅनिमेशन, गेम, चित्रपट आणि संगणकशास्त्र तिथे एका छताखाली आहे, त्यामुळे चित्र काढणारी आणि कोड लिहिणारी मुलं एकाच लिफ्टमध्ये भेटतात. शहराच्या पश्चिम भागात सिनेस्पेस नावाच्या मोठ्या स्टुडिओत, जिथे दूरचित्रवाणी मालिकांचं शूटिंग चालतं, डीपॉलची स्वतःची शूटिंगची मोठी दालनं आहेत. नाट्यशाळा तर विद्यापीठाची खरी शान आहे: १९२५ साली गुडमन स्कूल ऑफ ड्रामा म्हणून सुरू झालेली, १९७८ मध्ये डीपॉलमध्ये आली. कार्ल माल्डनपासून जॉन सी. रायलीपर्यंतचे नट तिथून बाहेर पडले. कायद्याच्या कॉलेजातून शिकागोचे दोन महापौर निघाले, रिचर्ड जे. डेली आणि त्यांचा मुलगा रिचर्ड एम. डेली, बाप-लेकांनी मिळून चाळीसहून अधिक वर्षं शहर चालवलं. शिकागोत वकील, न्यायाधीश, हिशेबनीस, शाळेचे मुख्याध्यापक यांच्यात डीपॉलवाले किती निघतात, हे तिथे राहिल्यावर कळतं. हे नाव शिकागोत चालतं, तितकं बोस्टन किंवा कॅलिफोर्नियात चालत नाही. नोकरी त्याच शहरात शोधायची तयारी असेल तर क्रमवारीतल्या आकड्यापेक्षा हे कामाचं.

शहराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या मनात अमेरिकन विद्यापीठ म्हणजे हिरवळ, मधोमध घड्याळाचा मनोरा आणि शनिवारी फुटबॉल असं चित्र असेल. डीपॉलमध्ये फुटबॉल १९३० च्या दशकाच्या अखेरीसच बंद झालं. आता जीव आहे तो बास्केटबॉलमध्ये. रे मेयर नावाच्या प्रशिक्षकाने १९४२ ते १९८४ अशी बेचाळीस वर्षं तो संघ सांभाळला. संघाचं नाव 'ब्लू डीमन्स'. कॅथलिक विद्यापीठाचा संघ आणि नाव निळे राक्षस! पूर्वी खेळाडूंच्या स्वेटरवर डी हे अक्षर असायचं, त्यांना 'डी-मेन' म्हणायचे, त्याचं बोलता बोलता 'डीमन' झालं. आजींना हे जरूर सांगा. बाटवणारे लोक असं नाव ठेवत नाहीत.

विद्यापीठ दोन ठिकाणी वसलंय. एक लिंकन पार्कमध्ये, झाडांच्या गल्ल्या, जुनी विटांची घरं. दुसरं लूपमध्ये, म्हणजे शिकागोचा फोर्ट-चर्चगेट भाग समजा. दोन्ही आवारं शहरातल्या लोकलच्या (तिला तिथे 'एल' म्हणतात) रेड लाइनने जोडलेली. फुलर्टन स्टेशनवर चढायचं, जॅक्सनला उतरायचं, वीस मिनिटांच्या आत. फुलर्टनला रूळ उंचावरून, अगदी इमारतींना खेटून जातात; म्हणून जुने लोक या विद्यापीठाला 'एलच्या रुळांखालची छोटी शाळा' म्हणायचे. आता ती छोटी नाही, वीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचं हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं कॅथलिक विद्यापीठ आहे. पण डोक्यावरून गाडी धडधडत गेली की शिक्षक अजूनही वाक्य अर्ध्यावर थांबवतात. दादरला वाढलेल्या मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही. तुमच्या मुलीला आठवडाभर वाटेल.

लूपमधली मुख्य इमारत म्हणजे गोल्डब्लॅट्स नावाचं जुनं डिपार्टमेंट स्टोअर. ते बंद पडलं, इमारत रिकामी झाली, डीपॉलने ती घेऊन १९९३ मध्ये तिथे वर्ग, ग्रंथालय, दुकानं थाटली. साड्यांच्या भव्य दुकानाचं कॉलेज व्हावं तसं. तुमच्या मुलीचे बहुतेक वर्ग तिथून जवळच वाबॅश रस्त्यावरच्या इमारतीत होतील. पुढच्या चौकात शहराचं अवाढव्य सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि दहा मिनिटं चाललं की आर्ट इन्स्टिट्यूट. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याला या संग्रहालयाइतका चांगला शिक्षक दुसरा नाही, असं माझं मत. त्याच इमारतीत १८९३ च्या सप्टेंबरात सर्वधर्म परिषद भरली होती. विवेकानंदांचं भाषण सगळ्यांना माहीत असतं. त्याच मंचावर मुंबईहून गेलेले प्रार्थना समाजाचे बी. बी. नगरकर बोलले होते, हे कुणाला आठवत नाही. आणि २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्याच इमारतीच्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांच्या भाषणाचे शब्द दिव्यांच्या अक्षरांत मांडले होते.

पहिल्या सत्रात सगळ्या नव्या मुलांना 'शिकागो क्वार्टर' नावाचा वर्ग घ्यावा लागतो. त्यात शहर हाच विषय असतो. कुणी स्थलांतरितांच्या वस्त्या बघतं, कुणी जॅझ, कुणी इमारती. त्याचा एक प्रकार वर्ग सुरू होण्याआधीच्या आठवड्यात सुरू होतो आणि मुलांना रोज कुठे ना कुठे फिरवतात. मी सगळ्यांना तोच घ्यायला सांगते. परदेशातून आलेलं, अजून झोपेचं गणित न बसलेलं मूल त्या आठवड्यात ट्रेनचे रंग शिकतं आणि दहा-बारा तोंडओळखी करून घेतं. हॉस्टेलच्या खोलीत बसून व्हिडिओ कॉलवर रडण्यापेक्षा ते बरं.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आहेच. शिकागोच्या बातम्या वाचून घाबरायला होतं. त्या बातम्यांतल्या बहुतेक घटना शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या काही ठराविक वस्त्यांमधल्या असतात. लिंकन पार्क हा महागडा, गजबजलेला भाग आहे. (साठच्या दशकात तिथे गरीब पोर्तोरिकन कुटुंबं राहायची, ती हळूहळू हुसकली गेली. गरिबांसाठी काढलेलं विद्यापीठ आज अशा शेजारात आहे, ही डीपॉलच्या लोकांनाही टोचणारी गोष्ट.) तरी रात्री उशिरा रेड लाइनमध्ये हातात फोन घेऊन बसायचं नाही, रिकाम्या डब्यात चढायचं नाही. लिंकन पार्कमध्ये रात्री सुरक्षा विभागाची गाडी मुलांना सोडायला येते, ती बोलवायला संकोच करायचा नाही.

आता बाबा. तुमच्या प्रश्नाला वर सांगितलेल्या गोष्टींइतकं गोड उत्तर नाही.

शिक्षणशुल्क वर्षाला ४५ हजार डॉलरच्या पुढे, राहणं-जेवण-विमा धरला तर ६० हजारांच्या वर. गरिबांसाठी दार मोकळं ठेवणाऱ्या संस्थेची फी एवढी का? कारण दार मोकळं ठेवायचा खर्च फीमधूनच निघतो. हार्वर्डसारखा गडगंज निधी डीपॉलकडे नाही. गाडा बराचसा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो. स्थानिक गरीब मुलांना सरकारी मदत मिळते, ती आपल्या मुलांना मिळत नाही. त्यामुळे परदेशी पालक हा त्या व्यवस्थेत पैसे देणारा असतो, हे समजून उमजून जावं. याची दुसरी बाजू २०२५ च्या सप्टेंबरात दिसली. व्हिसाच्या अडचणींमुळे परदेशी विद्यार्थी जवळपास तीस टक्क्यांनी घटले, नव्या पदव्युत्तर परदेशी विद्यार्थ्यांची घट तर साठ टक्क्यांहून जास्त, आणि विद्यापीठाला लगेच खर्चकपातीची भाषा करावी लागली. मी घाबरवत नाही. पण मुलीच्या विभागाला ईमेल करून विचारा की येत्या दोन वर्षांत अ‍ॅनिमेशनचे कोणते वर्ग कमी होणार आहेत का. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं.

प्रवेशपत्रासोबत गुणवत्तेची शिष्यवृत्ती आली असेल. तिचा आकडा मोठा दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका. ती चारही वर्षं आहे का, आणि किती सरासरी राखली तर आहे, ही ओळ पत्रात शोधा. मग माझं आवडतं गणित करा, जे नव्वद टक्के पालक करत नाहीत. डीपॉल सेमिस्टरवर चालत नाही, क्वार्टरवर चालतं: दहा आठवडे वर्ग, अकराव्यात परीक्षा, वर्षातून असे तीन. पदवीला १९२ क्रेडिट लागतात, बहुतेक विषय चार क्रेडिटांचे. चार वर्षांत बारा क्वार्टर, म्हणजे दर क्वार्टरला १६ क्रेडिट, चार विषय. व्हिसाच्या नियमाने पूर्णवेळ विद्यार्थी राहायला १२ पुरतात, म्हणून मुलं पहिल्या वर्षी "जरा सवय होऊ दे" म्हणत तीनच विषय घेतात. चारही वर्षं तसंच चाललं तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४. उरलेल्या ४८ क्रेडिटांसाठी पाचवं वर्ष, आणि पाचव्या वर्षाची फी. शुल्क ठरावीक क्रेडिटांपर्यंत ठोक असतं, त्यामुळे तीन विषय घेऊन पैसेही वाचत नाहीत. माझ्याकडून गेलेल्या एका मुलाच्या बाबतीत हे झालं. चूक माझी होती, मी त्याला क्वार्टरचं गणित सांगितलं नव्हतं. तेव्हापासून सगळ्यांना वहीत लिहून देते.

क्वार्टरचा वेग आपल्या मुलांना पहिल्या वर्षी आपटतो. आपल्याकडे परीक्षेआधीच्या महिन्यात अभ्यास करायची सवय. तिथे पाचव्या आठवड्यात अर्धं सत्र संपलेलं असतं; आठवडाभर तापाने झोपलं की दहावा हिस्सा गेला. त्याचे फायदेही आहेत. वर्ग सप्टेंबरात सुरू होतात, ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या विद्यापीठांपेक्षा व्हिसाला थोडा जास्त वेळ मिळतो, आणि निघायची तारीख कधी कधी गणपतीच्या आगेमागे येते. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत सलग मोठी सुट्टी मिळते, मुलं घरी येऊ शकतात. तोटा उन्हाळ्यात: वर्ग जूनच्या मध्यापर्यंत चालतात, तोवर इतर विद्यापीठांची मुलं मे महिन्यातच इंटर्नशिपवर रुजू झालेली असतात.

आणखी एक कागदी गोष्ट, फार महत्त्वाची. व्हिसासाठी विद्यापीठ आय-२० नावाचा फॉर्म पाठवतं. त्यावर विषयाचा सहा आकडी कोड असतो. पदवीनंतर वर्षभर काम करायची मुभा सगळ्यांना मिळते. पण कोड सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल तर आणखी दोन वर्षं मिळतात. अ‍ॅनिमेशन हा विषय नेमका काठावरचा आहे. एकाच विद्यापीठात कलेकडे झुकणाऱ्या पदवीचा कोड एक, तंत्राकडे झुकणाऱ्या पदवीचा दुसरा असू शकतो. डीपॉलमध्ये अ‍ॅनिमेशनच्या एकाहून अधिक पदव्या आहेत. मुलीच्या पदवीचा कोड कोणता आणि तो त्या यादीत आहे का, हे लेखी विचारा, पैसे भरण्याआधी. मुलगी हवाईजहाजात बसल्यावर नव्हे.

याच शहरात लोयोला नावाचं दुसरं कॅथलिक विद्यापीठ आहे, जेझुइटांचं, १८७० सालचं. आपलं झेवियर्स १८६९ चं, म्हणजे वर्षाचंच अंतर. लोयोला सेमिस्टरवर चालतं, मिशिगन तळ्याकाठी वसलंय, वैद्यकीय शाळा आहे. जीवशास्त्र किंवा नर्सिंग असतं तर मी तिकडे वळवलं असतं. अ‍ॅनिमेशनला डीपॉलच.

माझं मत विचाराल तर: शिष्यवृत्ती धरून चार वर्षांचा खर्च घर किंवा जमीन गहाण न टाकता झेपत असेल, आणि कोडचं उत्तर समाधानकारक आलं, तर पाठवा. झेपत नसेल तर डीपॉल चांगलं आहे म्हणून पाठवू नका. त्या संताला सावकारी कर्जाचा तिटकाराच असता.

जेवणाची चिंता करू नका. रेड लाइनने उत्तरेला मॉर्सला उतरून १५५ नंबरची बस पकडली की डेव्हन अ‍ॅव्हेन्यू येतो. तिथे पोह्यांपासून चितळ्यांच्या बाकरवडीपर्यंत सगळं मिळतं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळही जुनं आणि जागतं आहे. आणि हिवाळ्याचा कोट सांगलीहून किंवा पुण्याहून घेऊन जाऊ नका. आपल्याकडे जो 'बर्फाचा' म्हणून विकतात तो मनालीचा असतो, आणि शिकागोत तळ्यावरून येणारा जानेवारीतला वारा त्यातून आरपार जातो. तिथे गेल्यावर ऑक्टोबरात घ्यायचा, घोट्यापर्यंतच्या बुटांसकट. बॅगेतली ती जागा आजींच्या मेतकुटाला ठेवा.